कुलवृत्तांताच्या ग्रुपवर मेल टाकताय? सेंड दाबायच्या आधी हे वाचा

"सर्वांना नमस्कार, मी पुण्याचा कुलकर्णी, आमच्या घराण्याची कोणाकडे माहिती असल्यास पाठवावी." असे मेल वंशावळीच्या ग्रुपांवर सारखे येतात आणि तसेच पडून राहतात, मग काही दिवसांनी तोच माणूस वैतागून लिहितो की इथे कोणी मदतच करत नाही. मदत करणारे असतात हो. पण कुलकर्णी हे वतनावरनं (म्हणजे पिढीजात गावकामावरनं) पडलेलं आडनाव, गावागणिक घराणं वेगळं, देशस्थांत आहे, कऱ्हाड्यांत आहे, त्यातले तुम्ही नेमके कुठले हे समोरच्याने काय स्वप्नात बघायचं? उत्तर देणारे बहुतेक जण रिटायर्ड, घरात आजोबांनी केलेल्या वह्या, एखादा छापील कुलवृत्तांत (घराण्याच्या माहितीचं पुस्तक) आणि मोडी लिपीतल्या कागदांचं बासन घेऊन बसलेले. तुमचा मेल वाचून त्यांना पटकन ठरवता आलं पाहिजे की "हे आमच्यातले" किंवा "हे नव्हेत". मेल लिहिताना एवढं एक डोक्यात ठेवलं की खालचं बरंचसं आपोआप सुचतं, तरी लोक जिथे जिथे घसरतात ते क्रमाने सांगते.

१. मेल उघडायच्या आधी घरातलं गोळा करा

आधी कागद घ्या आणि स्वतःपासून वर लिहीत जा. तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येकाच्या बायकोचं नाव, तिचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव. मूळ गाव लिहिताना तालुका आणि जिल्हा लिहायचाच, कारण मुरुड रायगडात आहे, मुरुड दापोलीजवळ आहे आणि मुरुड लातूरलाही आहे, नुसतं "मूळचे मुरुडचे" लिहिलंत तर अर्धा ग्रुप चुकीच्या मुरुडला जाऊन पोचतो. शिवाय गोत्र, कुलदैवत, कुलस्वामिनी, तुमच्यात देवक असेल तर देवक, आणि आधी वेगळं आडनाव होतं असं घरात कोणी म्हणत असेल तर तेही.

माहिती घरातच मिळते, फक्त विचारायला पाहिजे. ज्यांच्याकडे श्राद्ध होतं त्यांच्यात श्राद्ध करणाऱ्याला तीन पिढ्यांची नावं घ्यावीच लागतात, बाप, आजा, पणजा, त्यामुळे घरातल्या त्या काकांना किंवा घरच्या गुरुजींना एक फोन करा. तिथीसुद्धा विचारा. एखाद्या पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती पणजोबांच्या आधी गेली हे तिथेच कळलं, साल माहीत नसलं तरी. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये कोण हे कोणाला आठवतंय का बघा, त्यांच्या वह्यांत आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, जमिनीचा फेरफार, गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जे असेल ते एका जागी आणा.

सावधान: "नाना", "बापू", "तात्या", "माई" ही मेलमध्ये चालणारी नावं नाहीत. प्रत्येक घरात एक नाना असतो. पाळण्यातलं किंवा कागदावरचं नाव शोधा, नाहीच मिळालं तर "नाना म्हणत, मूळ नाव माहीत नाही" असं साफ लिहा. बायकांच्या बाबतीत उलटा घोळ, लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणजे माहेरच्या वहीत यमुना आणि सासरच्या वहीत लक्ष्मी आणि दोघी एकच. दोन्ही नावं द्या.

आता सगळ्यात मोठा घोळ. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे रामचंद्र गोविंद, त्याचा मुलगा गोविंद रामचंद्र, त्याचा मुलगा परत रामचंद्र गोविंद. तीन पिढ्या आणि नावं दोनच. मेलमध्ये नुसतं "रामचंद्र गोविंद यांच्याबद्दल माहिती हवी" म्हटलं की एक जण आजोबांची माहिती देतो, दुसरा नातवाची, आणि तुमच्या तक्त्यात दोन माणसं मिळून एक होतात, ज्याची मुंज १८७० मध्ये आणि ज्याला मुलगा १९३५ मध्ये. म्हणून नावाला काहीतरी खूण चिकटवा. रामचंद्र गोविंद (माझे खापरपणजोबा), रामचंद्र गोविंद (माझे आजोबा, रेल्वेत होते). पिढीचा नंबर घातला तरी चालेल, पण पिढी कोणापासून मोजली ते सांगा.

तपासा: बाप आणि मुलगा यांच्या वयात पंधरापेक्षा कमी किंवा साठपेक्षा जास्त वर्षांचं अंतर दिसतंय का? बहुतेक वेळा मधली एक पिढी गळलेली असते नाहीतर दोन एकनावाची माणसं मिसळलेली असतात.

२. आधी जुने मेल शोधा

तुमचा प्रश्न आधी कोणीतरी विचारलेला असण्याची शक्यता बरीच. ग्रुपच्या सर्चमध्ये आडनाव मराठीत टाका, मग इंग्रजी स्पेलिंगनी टाका, आणि स्पेलिंग एकच धरू नका. दीक्षित मंडळी कोणी एक्स घालून लिहितात कोणी के-एस-एच घालून, ठाकरे-ठाकूर-टकले यांची तर गंमतच. आडनावानी काही सापडलं नाही तर गावाच्या नावानी शोधा, माझ्या अनुभवात गाव जास्त कामाला येतं. जुना मेल सापडला तर त्यालाच उत्तर द्या, विषय जुना असला तरी, म्हणजे आधी बोललेल्यांना बरोबर कळतं की धागा परत चालू झाला.

३. सब्जेक्ट लाइन

सब्जेक्ट लिहायचा क्रम असा: आडनाव, मूळ गाव आणि तालुका, साधारण काळ, नेमकं काय हवं.

चालेल असं: "जोशी, मुरुड (ता. दापोली), १८८०–१९२०: गोविंद रामचंद्र यांचे भाऊ कोण?"

न चालणारं: "माहिती हवी". "अर्जंट". "नमस्कार". किंवा काहीच नाही, रिकामं, हेही खूप जण करतात. अर्जंट तर लिहूच नका, दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसात अर्जंट काय असणार.

एका मेलमध्ये एकच प्रश्न. आजोळच्या माणसांबद्दल विचारायचं असेल तर वेगळा मेल, कारण आडनाव बदललं, गाव बदललं, म्हणजे वाचणारेही बदलले. आणि नवा प्रश्न जुन्या मेलला रिप्लाय करून घुसवू नका. बरेच जण आळसानी जुना मेल उघडून रिप्लाय दाबतात आणि वेगळंच लिहितात, मग सातारच्या भोसल्यांच्या धाग्यात कारवारचे नाईक येऊन बसतात आणि पुढे कोणालाच सापडत नाहीत.

४. मजकूर: ओळखीची खूण आधी, भावना नंतर

सुरुवात "सप्रेम नमस्कार" पुरे. अनोळखी ग्रुपवर "ती. काका" वगैरे नको, समोर पंचविशीतली मुलगीही असू शकते. "तुम्ही" किंवा "आपण", दोन्हीपैकी एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मग पहिल्या चार ओळींतच कामाचं येऊ द्या. घराण्याचा पराक्रम, आमचे पूर्वज पेशव्यांच्या दरबारी होते, हे पहिल्या मेलमध्ये सांगायची गरज नाही. सगळ्यांचेच पूर्वज दरबारी असतात.

नमुना देते, यातली माणसं काल्पनिक आहेत:

"सप्रेम नमस्कार. मी मेधा, माहेरची जोशी, राहणार ठाणे. आमचं मूळ गाव मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी. गोत्र शांडिल्य.
मला माहीत असलेलं: पणजोबा गोविंद रामचंद्र जोशी, जन्म साधारण १८८५ (अंदाज, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून मागे मोजून), मुंबईत गिरणीत कारकून. पत्नी लक्ष्मीबाई, माहेरची यमुना, माहेर गुहागरकडचं, आडनाव माहीत नाही.
ऐकीव: त्यांचा एक भाऊ बडोद्याला गेला असं आजी सांगायची. कागद नाही.
बघून झालेलं: घरचे कागद, ग्रुपवरचे जुने मेल.
प्रश्न: गोविंद रामचंद्र यांच्या भावांची नावं कोणाच्या वहीत आहेत का?"

बघा यात काय काय झालं. माहीत असलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, अंदाज कुठून काढला तेही दिलंय. "बघून झालेलं" ही ओळ लोक हमखास विसरतात, आणि मग कोणीतरी बिचारा तासभर खपून तुम्हाला तुमच्याकडे असलेलाच कागद पाठवतो. बडोद्याचा उल्लेख ऐकीव असूनही ठेवलाय, कारण बडोद्यात बसलेला एखादा जोशी तेवढ्यावरनं जागा होईल.

तारखांचं सांभाळा. जुन्या कागदावर शके असेल तर शकेच लिहा, फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर फसली, आणि इसवी सन शेजारी वेगळा द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण हे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत, पुढे जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८२० मधला माघ १८९९ मध्ये येतो, १८९८ मध्ये नाही. आपल्याकडच्या फसलीत साधारण ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. शक समजून फसलीत ७८ मिळवले तर माणूस पाचशे वर्षं मागे जातो, आणि अशी झाडं नेटवर फिरतायत. इंग्रजी तारीख ०३/०४/१९५२ अशी नको, अमेरिकेतला भाचा ती ४ मार्च वाचेल. ३ एप्रिल १९५२ असं अक्षरात महिना घालून लिहा.

का शोधताय तेही एका ओळीत सांगा. हे महत्त्वाचं आहे, कारण वंशावळ म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात जमीन येते. अनोळखी माणूस भावंडांची नावं विचारतोय म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावायला आलाय असं वाटून लोक गप्प बसतात. नुसता छंद असेल तर तसं लिहा. जात पडताळणीसाठी किंवा वारस नोंदीसाठी हवं असेल तर तेही उघड लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त कार्यालयात ग्रुपवरचा तक्ता पुरावा म्हणून चालत नाही, तिथे सरकारी नोंदीची नक्कल लागते, म्हणून नोंद कुठल्या गावची, कुठल्या सालची, कुठल्या रजिस्टरातली हेच विचारा.

५. अटॅचमेंट

इथे मी जरा जास्त वेळ घेणारे, कारण निम्मं रडगाणं इथलंच असतं.

जुन्या डीटीपी फाइली. काकांनी वीस वर्षांपूर्वी टाइप करून घेतलेली वंशावळ श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते, तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसते आणि दुसऱ्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. पाठवायच्या आधी पीडीएफ करा आणि महत्त्वाची नावं मेलच्या मजकुरात युनिकोडमध्ये (म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या मराठी टाइपात) टाइप करा. पीडीएफमुळे वाचता येतं, पण जुन्या फॉन्टचं पीडीएफ सर्चमध्ये सापडत नाही, मजकुरातलं नाव सापडतं.

फोटो. आयफोनचे फोटो बहुधा एचईआयसी (HEIC) फॉरमॅटमध्ये असतात, कित्येकांच्या जुन्या लॅपटॉपवर उघडत नाहीत, जेपीजी करून पाठवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पुढे पाठवू नका, तो आधीच दाबून बारीक झालेला असतो, मूळ मागवा. स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय, अक्षर बारीक असेल तर ६००. जीमेलवर एका मेलला २५ एमबीची मर्यादा आहे, त्यापेक्षा मोठं असेल तर ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, आणि लिंक उघडायची परवानगी दिलीय का ते बघा, नाहीतर पन्नास जणांचे "अॅक्सेस द्या" असे मेल येत बसतात.

फाइलचं नाव "स्कॅन ००१" ठेवू नका. "जोशी-मुरुड-दापोली-फेरफार-१९१२-पान-१" असं ठेवा. वर्षभरानं डाउनलोडच्या ढिगात तेच शोधायला सोपं जातं.

मोडी कागद असेल तर अख्ख्या पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, वरची कोरी जागा, समास आणि मागच्या बाजूसकट. लोक "मजकूर" तेवढा क्रॉप करून पाठवतात आणि नेमकी तारीख कापली जाते. पेशवेकाळच्या पत्रात तारीख बऱ्याचदा "छ" घालून मुसलमानी महिन्याच्या चंद्रानी दिलेली असते, कधी वर, कधी पार शेवटी मोर्तबच्या (शेवटच्या शिक्क्याच्या) आसपास, ती गेली की वाचणाऱ्याचे हात बांधले.

सावधान: चाळीस पानं टाकून "कोणी मोडी जाणकार वाचून देतील का" असं विचारू नका. मोडी वाचणं हे कामच आहे, एका पानाला कधी कधी अख्खी दुपार जाते. एक पान टाका, विचारा की यात अमुक नाव आहे का आणि कागद कशाबद्दलचा आहे. बाकीचं लिप्यंतर हवं असेल तर पैसे घेऊन करून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडून करून घ्या.

६. हयात माणसं आणि नाजूक गोष्टी

हयात माणसाच्या नावापुढे फक्त "हयात" लिहा. जन्मतारीख, फोन, पत्ता, मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, तुमच्या सख्ख्या बहिणीचेसुद्धा तिला विचारल्याशिवाय नाहीत. आणि हो, आईचं माहेरचं आडनाव. वंशावळीत ते लागतंच, पण ते बँका ओळख पटवायला विचारतात, तेव्हा हयात माणसाच्या बाबतीत ते पूर्ण जन्मतारखेबरोबर एका मेलमध्ये येता कामा नये.

दत्तक, दुसरं लग्न, विधवेचं लग्न, घरातनं निघून गेलेला माणूस, जातीबाहेरचं लग्न म्हणून वहीतनं खोडलेली मुलगी. हे सगळं वंशावळीला फार महत्त्वाचं असतं, दत्तक गेलेला मुलगा तर दोन घराण्यांच्या तक्त्यात येतो आणि दोन्हीकडे नीट नोंदला नाही तर सगळी शाखा वाकडी होते. पण विचारायचं खाजगी मेलवर, एकाच माणसाला, आणि "सांगायचं नसेल तरी हरकत नाही" असं लिहून. ग्रुपवर विचारलंत तर ज्याला माहीत आहे तोच गप्प बसेल. मुलींच्या शाखांबद्दल मात्र बिनधास्त ग्रुपवर विचारा. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींना एका ओळीत उरकलेलं असतं, "कन्या दोन" म्हणून, नावही नाही. ती उणीव कोणीतरी विचारल्याशिवाय भरली जाणार नाही.

७. सेंड दाबायच्या आधी

तपासा: "टू"मध्ये ग्रुपचा पत्ता आहे का एका माणसाचा? जीमेल आपणहून नाव भरतं आणि ग्रुपऐवजी ऑफिसातल्या साहेबाकडे पणजोबा जातात. पाच-सहा नातेवाइकांना पण तोच मेल पाठवायचा असेल तर त्यांचे पत्ते बीसीसीत टाका, सीसीत टाकले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात आणि मग कुठला तरी मेव्हणा पॉलिसी विकायला लागतो. अटॅचमेंट खरंच जोडली का बघा. खाली तुमचं पूर्ण नाव आहे का बघा, "आपला, बंडू" नको.

८. उत्तर आल्यावर

पहिलं उत्तर आलं की एका-दोन दिवसांत पोच द्या. पण नुसतं "धन्यवाद" असेल तर ते फक्त त्या माणसाला, रिप्लाय ऑल नाही. ग्रुपवर तेव्हाच लिहा जेव्हा सांगायला काहीतरी नवीन आहे, "तुम्ही दिलेला भाऊ आमच्या फेरफारात पण आहे" असं काही.

उत्तर लिहिताना खालचा जुना मजकूर छाटा, ज्या ओळीला उत्तर देताय तेवढी ठेवा. डायजेस्ट (ग्रुपचे बरेच मेल एकत्र करून येणारा एकच मेल) घेणाऱ्यांनी तर विशेष, अख्ख्या दिवसाच्या पंचवीस मेलचा गठ्ठा खाली लटकवून वर एक ओळ "होय, बरोबर" असं आलं की कशाला होय ते कळायला मार्ग नसतो. डायजेस्टला उत्तर देताना सब्जेक्टही मूळ प्रश्नाचा घालावा लागतो.

कोणाची माहिती तुमच्याशी जुळली नाही तर "तुमचं चुकलंय" असं लिहू नका, तुमच्याकडे काय आहे आणि ते कुठून आलंय एवढं ठेवा. "आमच्या घरच्या वहीत तीन भाऊ आहेत, वही आजोबांनी साधारण १९४० मध्ये लिहिली, तुमच्याकडे चार आहेत, चौथं नाव कुठल्या कागदावर आहे?" असं. समोरच्याचा कागद तुमच्या आठवणीपेक्षा जुना असू शकतो. छापील कुलवृत्तांतात आहे म्हणून बरोबर असंही नाही, तोही कोणीतरी पत्रं पाठवून पाठवून गोळा केलेला असतो आणि ज्या शाखेनं पत्राला उत्तर दिलं नाही ती शाखा त्यात अर्धीच आहे.

बाहेरच्या मराठी माणसांचे मेल येतात तेव्हा थोडं थांबून वाचा. मॉरिशसहून कोणी रत्नागिरीकडचं गाव शोधत असेल तर त्याला आडनाव विचारत बसू नका, तिकडे बऱ्याच घरांत पूर्वजाचं नावच आडनाव झालंय आणि गावाची नावं कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तिकडे गेलेल्या मजुरांच्या नोंदी आहेत, त्यातला इमिग्रंट नंबर आणि नोंदीतलं गाव, ठाणं विचारा. तंजावरच्या मंडळींच्या नावात नुसतं "राव" दिसेल, आडनाव वापरातनं गेलेलं, तिथे गोत्र आणि कुलदैवतावरनं चालावं लागतं. आणि दोघांनाही साध्या भाषेत, गरज पडली तर इंग्रजीत उत्तर द्या.

९. उत्तर नाही आलं तर

तीन-चार आठवडे थांबा. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातली लग्नं या काळात टाकलेला मेल धरूच नका. मग एकदाच आठवण करा, त्याच धाग्यात, आणि रिकाम्या हातानी नाही: मधल्या काळात मिळालेला एखादा नवा तपशील घालून. "अजून कोणी उत्तर दिलं नाही" हे वाक्य लिहायचं नाही. ग्रुपवरून कोणाचा फोन नंबर शोधून सकाळी आठला फोन करणं हे तर अजिबातच नाही, ऐंशीच्या माणसाला अनोळखी आवाजात "तुमच्या आजोबांना दोन बायका होत्या ना" असं विचारणारे लोक मी ऐकलेत.

१०. मिळालेली माहिती पुढे नेताना

कोणी खाजगी मेलवर पाठवलेला तक्ता ग्रुपवर, फेसबुकवर किंवा वंशावळीच्या साइटवर चढवायचा असेल तर आधी विचारा, आणि प्रत्येक शाखेपुढे ती कोणाकडून, कुठल्या तारखेच्या मेलमधून आली ते नोंदवून ठेवा. चूक नंतर सापडली तर कोणाला विचारायचं ते तरी कळेल. कोडं सुटलं की मूळ धाग्यात शेवटचा मेल टाका, उत्तर काय निघालं आणि कुठल्या कागदावरनं. नाही सुटलं पण एखादी शक्यता बाद झाली, तरी ते टाका, "दापोलीचे ते जोशी हे नव्हेत, गोत्र वेगळं निघालं" एवढं पण पुढच्याचा महिना वाचवतं.

आणि महत्त्वाचे मेल पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा, घराण्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून. याहू ग्रुप्स २०२० मध्ये कायमचे बंद झाले तेव्हा ज्यांनी उतरवून घेतलं नव्हतं त्यांचे वर्षानुवर्षांचे धागे गेले. मेलचा पत्ता बदलणार असाल, म्हणजे ऑफिसचा पत्ता वापरत असाल आणि रिटायर होणार असाल, तर नवा पत्ता ग्रुपला आधी जोडा, मग जुना काढा. आणि घरातल्या एखाद्या पुतण्या-भाचीला हे फोल्डर कुठे आहे ते दाखवून ठेवा.